वरचे दोन फटके

बादल प्रेमसिंग आडेचा हात उठला की समोरचा आडवा, हे रिसोडात एसटी स्टँडपासून बाजार समितीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चौदाव्या वर्षी ऊसतोडीच्या फडात त्याने मुकादमाचे पुढचे दोन दात पाडले. मुकादमाने त्याच्या बापाला, प्रेमसिंगला, साऱ्या टोळीसमोर लाथ घातली होती. पोराच्या हातात कोयता होता. त्याने पातं न वापरता मूठ वापरली, एवढंच त्याचं शहाणपण. त्या दिवसानंतर कुठल्याच मुकादमाने त्या घराला टोळीत घेतलं नाही.

पुढे तो पुण्यात कॉम्प्युटरच्या एका मोठ्या दुकानात खोकी उचलायला लागला. उचलता उचलता आत काय आहे ते बघायला लागला, आणि सहा वर्षांत साहेब लोकांची मशिनं एकटा जुळवायला लागला. मग एके दुपारी मालकाच्या भाच्याने त्याला आईवरून शिवी दिली. भाच्याचं नाक फुटलं, बादलची नोकरी गेली. तो तांड्यावर परतला तेव्हा त्याच्याजवळ दोन जोडी कपडे, स्क्रू-पेचकसांचा एक डबा आणि आख्ख्या जिल्ह्यात कोणाजवळ नव्हती अशी पारख होती.

पारख म्हणजे काय, तर गेम खेळायचं भारी मशीन घेणं सोपं आहे, पैसा टाकला की खोकं घरी येतं. पण कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डावर चालेल, कोणतं ग्राफिक्स कार्ड किती वीज ओढेल, आणि मे महिन्याच्या चव्वेचाळीस डिग्रीत, मळणीच्या भुसात, दिवसातून आठ वेळा ये-जा करणाऱ्या लायनीवर ते सगळं टिकेल का, हे सांगणारा माणूस लागतो. दुसरे दुकानदार गिऱ्हाइकाला विचारत, "गेम कोणता?" बादल विचारी, "घरी लाईट कशी हाय?"

दुकान रिसोडात, घर चार किलोमीटरवरच्या तांड्यावर. दुकानाचा पुढचा भाग त्याच्या बायकोचा, उज्ज्वलाचा. तिथे ती मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विके. पडद्यामागे बादलचं टेबल. उज्ज्वलाच्या डाव्या भुवईवर पाच टाक्यांचा वण होता, आणि तो बादलनेच दिलेला होता. त्यांची निकिता तेव्हा तीन वर्षांची होती. तिला भरवायला जागा हवी म्हणून उज्ज्वलाने टेबलावरचा मदरबोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि त्यातल्या केसासारख्या चार पिना वाकल्या. बादलने आधी तिला ढकललं, मग मारलं, मग पुन्हा मारलं. ती शटरच्या कडेवर आपटली. दवाखान्यात बायका सांगतात तसं "पडली" असं तिने सांगितलं नाही. "नवऱ्यानं मारलं" म्हणाली, टाके घालून घेतले आणि पोरीला कडेवर घेऊन थेट धनजकडच्या माहेरच्या तांड्यावर गेली.

आठ महिने ती आली नाही. आली ती अट घेऊन, तांड्याचा नायक रतनसिंग याच्या ओट्यावर, चार माणसांसमोर. तांड्यात नायकासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही. मोडला तर त्या माणसाकडे कोणी पाणी प्यायलाही थांबत नाही. घरात ही मंडळी आपली बंजारा बोली, गोरमाटी बोलत, पण त्या दिवशी उज्ज्वला मुद्दाम बाहेरच्या वऱ्हाडीत बोलली, सगळ्या रस्त्याला ऐकू जावं म्हणून.

"याच्यानंतर यायनं कोणावर बी हात उचलला, तं मी थांबनार नाई. माह्यावरच नाई म्हनत मी. गिऱ्हाइकावर, बैलावर, कुत्र्यावर, कोणावर बी."

प्रेमसिंग हसला. "कुत्र्यावर बी काय वं?"

"व्हय. कुत्र्यावर उठला हात सांजच्याले माह्यावर येते. म्या पाह्यलं हाय थे."

बादलने नायकाच्या पायाला हात लावून कबूल केलं. त्याला आता चार वर्षं झाली होती. राग आला की तो दोन्ही हात पाठीमागे नेई आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून उभा राही. लोक हसत. उज्ज्वला हसत नसे. त्या आवळलेल्या मनगटावर आपला संसार उभा आहे, हे तिला आणि बादलला नीट माहीत होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात हरीओम आला. रिसोडपासून बारा किलोमीटरवरच्या गावातल्या जानराव पाटलांचा एकुलता एक, वय तेवीस, राग नाकावर. बोलेरोतून उतरला तो बगलेत मधोमध फुटलेला मॉनिटर आणि मुठीला पट्टी घेऊन. चार पोरांचा संघ करून तो बंदुकीचा गेम खेळे. आदल्या रात्री ऐन लढाईत मशीन अडखळलं, समोरच्याने याला मारलं, आणि याने मॉनिटरला ठोसा घातला.

"बादलभाऊ, बारा दिवसांनी मोठी स्पर्धा हाय," तो म्हणाला. "मले सगळ्यात भारी मशीन पायजे. हे पाह्य, यादी."

बादलने यादी नंतर पाहिली. आधी त्याने हरीओमने बोलेरोतून आणलेलं जुनं मशीन उघडलं. आत सोयाबीनचा भुसा, पंख्याला गुंडाळलेले केस आणि पावर सप्लायच्या जाळीत वाळून गेलेली पाल. त्याने ब्रशने सगळं झाडलं आणि मग यादी असलेला त्याचा मोबाइल हातात घेतला.

"हे कार्ड तुया डब्यात बसतच नाई. दोन बोटं लांब हाय."

"मंग डबा बदल ना. चारी बाजूनं काचेचा घे. आतून लाईट दिसले पायजे."

"काचेचा नको. हवा कोठून जाईन? जाळीचा घेऊ, समोर चाळणी लावू. आठ दिवसांनी चाळणी धुवाची. मळणीच्या दिवसात रोज."

"मी काय चाळण्या धुत बसू?"

"नाई धुतली तं कार्ड तापन, अन् ऐन लढाईत मशीन आपली ताकद कमी करन. पुन्हा ठोसा मारशीन. किती मॉनिटर हायत घरी?"

पुढच्या टेबलावर कव्हर घेणाऱ्या दोन पोरी खुदकन हसल्या आणि हरीओमचे कान लाल झाले. तिथून पुढे पार्ट निवडणं म्हणजे भांडणच झालं. हरीओमला पाण्याने थंड होणारा, डोक्यावर छोटा पडदा असलेला कुलर हवा होता. बादल म्हणाला, तुझ्या गावात त्याचा पंप बिघडला तर कोण येईल, दोन पंख्यांचा साधा दणकट हवेचा घे. हरीओमला चार रॅम हव्या होत्या, चारही पेटणाऱ्या. बादल म्हणाला, दोनच घे, जोडीच्या, बोर्डाला चार एकदम पेलत नाहीत, वेग खाली येतो. प्रोसेसरवर दोघांचं एकमत झालं, ते तेवढंच. मग गाडी पावर सप्लायवर आली.

"थो जुनाच चालते," हरीओम म्हणाला.

"जुना साडेपाचशे वॉटचा. कार्ड एकलंच साडेचारशे वॉट वढते. हजाराचा घ्या लागन."

"त्याच्यात दिसते काय? ना रंग, ना लाईट. काळा ठोकळा! तू मले लुटून राह्यला."

"मशीनचं काळीज हाय थे. बाकी सगळं कमी करू, हे नाई."

हरीओमने टेबलावरचा तो जुना ठोकळा उचलला आणि फेकला. तो पडद्यातून पार गेला आणि उज्ज्वलाच्या शोकेसवर आदळला. काच फुटली, चार्जर खाली सांडले, पोरी किंचाळून रस्त्यावर पळाल्या. बादलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उज्ज्वलाने फुटलेल्या काचेकडे पाहिलं नाही, तिने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. हात पाठीमागे होते. एका हाताची नखं दुसऱ्या मनगटात रुतली होती.

"हजाराचाच पडन," बादल म्हणाला. "नाईतं मशीन दुसरीकडून घे."

दुसरीकडे कुठे जाणार? हरीओमने मान हलवली, काचेची भरपाई कबूल केली आणि जाता जाता हसलासुद्धा. रागीट माणसं अशीच असतात, आपला राग संपला की जगाचाही संपला असं समजतात.

"घरी अर्थिंग केली हाय काय?" बादलने त्याला दारात विचारलं. "खड्डा खंदून, कोळसा-मीठ टाकून?"

"हाय ना सगळं."

"मी सोता येऊन पायतो. पिन मीच लावन."

हा त्याचा नियम होता. दिलेलं मशीन तो स्वतःच्या हाताने पहिल्यांदा चालू करी, आणि घरातली वीज तपासल्याशिवाय करत नसे.

पार्ट यायला आठवडा लागला, जुळवायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत बादलला पाहावं. ज्या बोटांनी नाकं फोडली तीच बोटं प्रोसेसर श्वास रोखून बैठकीत ठेवत होती, वायरी पाठीमागून ओढून एकेक गाठ घालत होती. मशीन रात्रभर चालवून त्याने तापमान पाहिलं, पंख्यांचा वेग लावला. गाण्यासारखा संथ आवाज येत होता. त्याला या मशीनचा अभिमान वाटत होता आणि ते त्या आडदांड पोराच्या घरी जाणार याचं वाईटही वाटत होतं.

जानरावांच्या घरी तो दुपारी तीनला पोचला. फरशीची मोठी खोली, खिडकीत कुलर, कुलरच्या टाकीतून गळणारं पाणी थेट टेबलाखालपर्यंत. हरीओमची आई चतुराबाई पाणी घेऊन आली. हरीओम अनवाणी येरझाऱ्या घालत होता, चार वाजता त्याच्या संघाचा सराव होता. बादलने मशीन टेबलावर ठेवलं, खिशातून टेस्टर काढला आणि भिंतीवरच्या प्लगच्या बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात, जिथे अर्थिंग असतं, तिथे घातला. टेस्टर मिणमिण पेटला. तिथे तो पेटायलाच नको होता.

त्याने बोर्डामागची तार धरली आणि तिच्या मागोमाग खिडकीतून अंगणात गेला. तार भिंतीवरून उतरून बोअरच्या लोखंडी पाइपाला, गंजलेल्या पट्टीने बांधलेली होती.

त्या भागात हा उद्योग बऱ्याच घरांत चालतो. वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने, न्यूट्रलने, परत जाते. ती परतीची तार खांबावर कमजोर झाली की दिवे मिणमिणतात. वायरमनची वाट कोण पाहणार? मग शहाणा माणूस घराची परतीची तार सरळ जमिनीत, बोअरच्या पाइपाला जोडतो. दिवे लख्ख पेटतात, पंखे फिरतात, गावात त्याचं नाव होतं. जानरावांनी तेच केलं होतं, आणि वर बोर्डांचं अर्थिंगही त्याच तारेला बांधलं होतं. तार पाइपाला घट्ट आहे तोवर सगळं ठीक. ती सुटली, की परत जायची वाट बंद झालेली वीज अर्थिंगमधून मशीनच्या पत्र्यात येऊन बसते.

"पाटील, हे तोडा," बादल म्हणाला. "दोन घंटे द्या. मी खड्डा खंदून देतो, अन् न्यूट्रलची तक्रार करू. तवरिक मशीन चालू करत नाई."

जानराव ओट्यावर बसले होते. साठीचा, धोतरातला, आपल्या अकलेवर गावाचा विश्वास असलेला माणूस. "तीन वर्सं झाले, काही झालं नाई. अख्खं गाव माह्याच घरी हे पाह्याले येते. अन् तू मले शिकवून राह्यला?"

"तीन वर्सं काही झालं नाई म्हून उद्या होनार नाई, असं नसते पाटील. त्या डब्याले कोणी हात लावला तं जागेवर जाईन."

हरीओम दारात आला. "चार वाजले. लाव पिन."

"नाई लावत."

पहिली चापट बसली. अंगणात आलेली चतुराबाई "अरे, अरे!" म्हणाली. बादलचे हात पाठीमागे गेले.

"तांड्यावरचा माणूस माह्या बापाची अक्कल काढते?" हरीओमने दुसरी मारली, मूठ करून. बादलचा ओठ दातावर फाटला, शर्टावर रक्त पडलं. बादलला त्याला ठार मारावंसं वाटलं. बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखर वाटलं. त्या पोराची मान आपल्या दोन्ही हातांत कशी मावेल, हेसुद्धा त्याला दिसलं. त्याने मनगट आवळलं. मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली.

"मार," तो म्हणाला. "अजून मार. पन पिन लावू नको."

तो ओट्याच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. गाठ बसत नव्हती. आतून हरीओमचा आवाज आला, "हे पाह्य, झालं चालू! काही झालं काय?" आणि बादलने स्वतः लावलेल्या पंख्यांचा तो संथ आवाज सुरू झाला.

जानराव उठून बोअरजवळ गेले. "अरे, हे पाह्य," ते बादलला म्हणाले. "कशी घट्ट हाय. वादळात हालली नाई." आणि त्यांनी चपलेच्या टाचेने त्या पट्टीवर लाथ हाणली.

गंजलेला पट्टीचा कान मोडला. तार सुटून मातीवर पडली. आतला कुलर थांबला, पंखा थांबला, मशीनचा आवाज थांबला.

"लाईट गेली काय बाप्पा?" हरीओम आतून ओरडला. "का याची वायर ढिली हाय?"

लाईट गेलेली नव्हती. ती पत्र्यात येऊन बसली होती. "हात लावू नको!" असं ओरडत बादल धावला, पण तोपर्यंत हरीओमने टेबलामागे वाकून डब्याची मागची उघडी कड मुठीत धरली होती. अनवाणी पाय कुलरच्या पाण्यात होते. त्याची मान ताणली गेली होती, दात घट्ट मिटले होते आणि घशातून एक घरघर येत होती, माणसाची वाटू नये अशी. हात सुटत नव्हता. चतुराबाईने बोर्डावरचं बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं; पण वीज अर्थिंगच्या तारेने येत होती, ती बटणाने तुटत नव्हती.

"बटन बंद केलं तरी सोडत नाई वो!" ती किंचाळली आणि लेकाला धरायला झेपावली.

बादलने तिला इतक्या जोरात ढकललं की ती कपाटावर जाऊन आदळली. "पाटील, तारेले हात लावू नोका! मीटरचा मेन पाडा!" तो ओरडला. पण मीटर घराच्या पलीकडच्या गल्लीत होतं. दाराआड फावड्याचा कोरडा दांडा होता. त्याने तो उचलला आणि पूर्ण ताकदीने हरीओमच्या मनगटावर खालून हाणला.

हात सुटला. हरीओम मागे फेकला गेला आणि डब्यापासून हातभर लांब फरशीवर पडला. त्याची छाती वरखाली होत होती.

बादलने दांडा पुन्हा उचलला. दुसरा फटका त्याने कोपराच्या खाली मारला आणि हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. तिसरा खांद्यावर मारला. मग दांडा खाली पडला. तो आपण टाकला की सुटला, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही.

बोलेरोतून रिसोड, तिथून वाशिम. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर पोरगा हाती लागला नसता. हात दोन ठिकाणी मोडला होता, पण हाताचं काय, तो जुळतो. चतुराबाई कपाळावर टेंगूळ घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "त्यानं तीन फटके मारले तवा माह्या लेकराचा हात सुटला वं माय." तिला तसंच दिसलं होतं. तिसऱ्या दिवशी बादल भेटायला गेला तर हरीओमने चांगल्या हाताने त्याचा हात धरला. "भाऊ, म्या तुमाले मारलं अन् तुमी माहा जीव वाचवला." तो रडत होता. बादलला त्याच्या प्लास्टरकडे बघवेना. चहा न पिताच तो निघाला.

त्याच संध्याकाळी जानराव पाटील दोन गाड्या घेऊन तांड्यावर आले. शाल, नारळ, पेढे. पाटलांनी साऱ्या तांड्यासमोर आपल्या अकलेला शिव्या घातल्या आणि बादलच्या पाया पडायला वाकले. त्याने त्यांना वाकू दिलं नाही. नायक रतनसिंग उभा राहिला. "उज्ज्वला," तो म्हणाला, "हा मार मार धरत नाई. हा जीव वाचवाचा मार. तुयी अट मोडली नाई, असं मी सांगतो." तांड्याने टाळ्या वाजवल्या. उज्ज्वलाने पदर तोंडाला लावून मान हलवली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने सगळ्यांदेखत नवऱ्याकडे बघून मान ताठ केली. बादल शाल पांघरून उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं नाही.

सकाळी ती अंगणात त्याच्या आंघोळीचं पाणी तापवत होती. गुणगुणत होती. बादल तिच्याजवळ चुलीपाशी बसला.

"पहिल्याच फटक्यात हात सुटला होता," तो म्हणाला.

तिने ऐकलं. लाकूड आत सारलं. "मंग?"

"मंग अजून दोन मारले."

"थो धरून होता तवा?"

"नाई. खाली पडेल होता."

पाण्याला उकळी आली. "कायले मारले?"

"मले बरं वाटत होतं," बादल म्हणाला, आणि तो रडायला लागला. त्या दोन फटक्यांत त्याला चार वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं होतं, हेच त्याला सहन होत नव्हतं.

"तुमी नसतं सांगतलं तं मले कोणी सांगतलं नसतं."

"माहीत हाय मले."

उज्ज्वलाने पाणी उतरवून बादलीत ओतलं, त्याचा टॉवेल दोरीवर टाकला आणि घरात जाऊन निकिताचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

नऊच्या जीपला सगळा तांडा रस्त्यावर जमला. बातमी कशी फुटली कोणास ठाऊक, पण कारण कोणालाच माहीत नव्हतं. काल ज्याला शाल मिळाली त्याला आज बायको सोडून चालली, एवढंच लोकांना दिसत होतं. बायका तिला नावं ठेवत होत्या. नायक रतनसिंग स्वतः आला. "पोरी, म्या काल सांगतलं ना, हा मार धरत नाई. तू माहा शब्द मोडून राह्यली." उज्ज्वला खाली बघत उभी राहिली. तिने एक अक्षर सांगितलं नाही.

मग प्रेमसिंग काठी टेकत आला. "घमेंड चढली तुले!" तो ओरडला. "देवासारखा नवरा भेटला अन् तांड्याचं नाक कापून चालली? उतरव थे पिशवी!" त्याने पिशवी हिसकावली, निकिता रडायला लागली, आणि म्हाताऱ्याने सुनेवर काठी उगारली.

बादलने काठी वरच्या वर धरली. प्रेमसिंगने ओढून पाहिली. लेकाची पकड सुटली नाही. क्षणभर सगळ्यांना वाटलं, आता हा बापावर हात टाकतो. त्याचा दुसरा हात वर आलाही होता. तो त्याने खाली घेतला.

"म्या अट मोडली," बादल नायकाकडे बघून मोठ्याने म्हणाला. "पाटलाच्या पोराचा हात पहिल्याच फटक्यात सुटला होता. बाकीचे दोन म्या रागात मारले. हाड त्याच्यातच मोडलं. काल शाल घेतली तवा बी मले माहीत होतं. तिनं तुमाले सांगतलं नाई, माह्या अब्रूसाठी. आता तिले कोणी काही म्हनू नोका."

रतनसिंगने फेटा सारखा केला आणि तो मागे वळून चालू लागला. जीपवाल्याने हॉर्न वाजवायला हात नेला आणि तसाच परत घेतला. बादलने पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली, निकिताला उचलून आईच्या मांडीवर दिलं. उज्ज्वलाने एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"हिची शाळा उघडली की पाहू," ती म्हणाली. "परतून येईन असं म्हनत नाई मी. पाहू."

जीप गेली. माणसं एक एक करून पांगली. प्रेमसिंगने काठी परत मागितली. बादलने ती दिली नाही.